करणें आणि शिकविणें

शिक्षकाच्या धंद्याविषयीं आपल्या समाजांत दोन मतें एकाच वेळीं सुखानें नांदत आलीं आहेत. गुरुपौर्णिमेच्या दिवशीं गुरूला देवाच्या पंक्तीस बसवावयाचें, आणि दुसऱ्याच दिवशीं मुलीसाठीं स्थळ पाहतांना 'मास्तर आहे होय?' म्हणून नाक मुरडावयाचें, यांत कोणाला विसंगति वाटत नाहीं. पाश्चात्य समाज या बाबतींत आपल्याहून फारसा निराळा नाहीं. शिक्षक म्हणजे कर्तृत्वाच्या परीक्षेंत नापास झालेला मनुष्य, अशा आशयाचा एक टोमणा बर्नार्ड शॉनें १९०३ सालीं मारून ठेवला. आणि तेव्हांपासून तो इतक्यांच्या तोंडीं खेळला आहे कीं, तो टोमणा आहे याचा पुष्कळांना विसर पडून तें एक सिद्ध सत्य होऊन बसलें आहे. आम्हीं स्वतः तीस वर्षें शिकविण्याच्या धंद्यांत घालविलीं असल्यामुळें या बाबतींत आमचें मन तटस्थ आहे असें म्हणणें खोटेपणाचें होईल. तरुणपणीं एक मोठा ग्रंथ लिहावयाचा आम्हीं संकल्प केला होता. त्याचीं टिपणें अजून कपाटांत आहेत, ग्रंथ नाहीं. त्यामुळें करणारा श्रेष्ठ कीं शिकविणारा श्रेष्ठ, हा प्रश्न आमच्यापुढें वादविवादमंडळांतला विषय म्हणून उभा राहत नाहीं. तो रात्रीं दिवा मालविल्यावर उभा राहतो.

अशा प्रश्नाचा विचार निव्वळ तत्त्वांच्या पातळीवर करूं गेल्यास तो लवकरच शब्दांचा खेळ होतो. म्हणून आम्हीं एका मनुष्याचें चरित्र समोर ठेवण्याचें ठरविलें आहे. हा मनुष्य कवि नाहीं, तत्त्वज्ञ नाहीं, राजकारणी पुरुषहि नाहीं. तो अमेरिकेंतील पैसे घेऊन बेसबॉल खेळणारा एक पिचर होता, आणि पुढें सुमारें वीस वर्षें एका विद्यापीठांतील मुलांना त्यानें तो खेळ शिकविला. अशा विषयाला या पानांत जागा कशी, असें एखाद्या वाचकाला वाटेल. परंतु करणें आणि शिकविणें यांतील भेद खेळांत जितका उघडा पडतो तितका तो विद्येच्या इतर प्रांतांत पडत नाहीं. कवीची प्रतिभा ओसरली कीं नाहीं याविषयीं टीकाकार वर्षानुवर्षें भांडूं शकतात. चेंडू फेंकणाराचा खांदा गेला म्हणजे तें एका आठवड्यांत सर्व गांवाला कळतें.

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नाहीं, म्हणून त्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. क्रिकेटमध्यें गोलंदाजाचें जें स्थान, तेंच, किंबहुना त्याहून मोठें, बेसबॉलमध्यें पिचरचें असतें. तो दुरून धांवत येत नाहीं. मैदानाच्या मध्यभागीं एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून, टप्पा न पाडतां, सरळ फलंदाजाच्या अंगावरून चेंडू फेंकतो. हात कोपरांत वाकवून झटक्यानें सोडण्याची त्याला मोकळीक असते. त्यामुळें वेग भयंकर येतो आणि त्या वेगाची किंमत खांद्याला व कोपराला द्यावी लागते. सामना नऊ डावांचा असतो, आणि आम्ही ज्या काळाविषयीं लिहीत आहों त्या काळीं चांगला पिचर बहुधा आरंभापासून अखेरपर्यंत एकटाच चेंडू टाकी. सामन्याचा जय किंवा पराजय त्याच्याच नांवावर लिहिला जातो. नऊ जणांच्या खेळाचा निकाल असा एकाच्या खातीं मांडण्याची ही रीत आमच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

हॉवर्ड एल्सवर्थ वुड, ज्याला जग 'स्मोकी जो' या नांवानें ओळखतें, तो १८८९ सालीं कॅन्सस सिटी येथें जन्मला. चेंडू दिसण्यापूर्वींच धुरासारखा निघून जातो, अशी त्याच्या वेगाची ख्याति होती. त्यावरून हें 'स्मोकी' विशेषण त्याला चिकटलें. १९०६ सालीं, सतरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, तो 'ब्लूमर गर्ल्स' या फिरत्या संघांत शिरला. हा संघ नांवाला बायकांचा होता, पण त्यांत कांहीं पुरुष खेळाडू बायकांच्या वेषांत मिसळून दिलेले असत. कोवळ्या चेहऱ्याच्या या मुलाला त्यांनीं तीन आठवड्यांचे वीस डॉलर देऊन बरोबर नेलें. नाटक मंडळींत स्त्रीपार्टी मुलगा म्हणून शिरावें आणि पुढें त्यानें सारी रंगभूमि गाजवावी, असाच हा प्रकार झाला. दोनच वर्षांनीं, १९०८ सालीं, तो बॉस्टनच्या 'रेड सॉक्स' या नामांकित संघांत होता.

१९१२ हें त्याच्या आयुष्यांतील मध्याह्नीचें वर्ष. त्या एका हंगामांत त्यानें ३४ सामने जिंकले आणि अवघे ५ गमावले. त्यांतील १६ विजय सलग होते. वॉल्टर जॉन्सन हा त्या काळचा दुसरा वेगवान पिचर. त्यानेंहि त्याच वर्षीं सलग १६ विजय मिळविले होते. ६ सप्टेंबर रोजीं बॉस्टनच्या फेन्वे पार्कवर या दोघांची गांठ पडली, आणि वुडनें तो सामना १-० असा जिंकला. त्या वेळीं त्याला तेविसावें वर्ष चालू होतें. आमच्या वर्गांतील पदवीपरीक्षेची मुलें साधारण याच वयाच्या आसपासचीं असतात. आणि त्यांच्यापैकीं एखाद्यानें याच वयांत जगांतील आपल्या विद्येचें शिखर गांठावें, ही कल्पनाहि आम्हांस अस्वस्थ करते. कारण शिखरावरून पुढें जावयाचें तें कोठें?

त्याच वर्षाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या 'जायंट्स' संघाशीं अजिंक्यपदाची 'वर्ल्ड सीरीज' झाली. एक सामना बरोबरींत सुटल्यामुळें ती आठ सामन्यांपर्यंत लांबली. बॉस्टननें ती जिंकली, आणि तींतील तीन विजय वुडच्या खातीं लिहिले आहेत. पण तिसरा विजय कसा आला तें पाहण्यासारखें आहे. सातव्या सामन्यांत प्रतिपक्षानें पहिल्याच डावांत वुडला झोडपून ६ धांवा काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं, १६ ऑक्टोबर रोजीं, निर्णायक सामन्यांत तो उशिरां उतरला, आणि दहाव्या डावांत त्याच्याच चेंडूंवर न्यू यॉर्कनें एका धांवेची आघाडी घेतली. म्हणजे तो हरल्यांत जमा होता. बॉस्टनची फलंदाजी आली तेव्हां वुडच्या ऐवजीं एंगल नांवाचा दुसराच गडी उभा राहिला. त्यानें उंच उडविलेला एक सोपा झेल स्नॉडग्रास या न्यू यॉर्कच्या खेळाडूच्या हातांतून निसटला. त्या चुकीवर बॉस्टननें २ धांवा काढल्या, सामना ३-२ असा जिंकला, आणि विजय वुडच्या नांवावर पडला. स्नॉडग्रास मात्र जन्मभर 'ज्याच्या हातून झेल सुटला तो' म्हणूनच ओळखला गेला.

करणाराच्या श्रेष्ठतेविषयीं बोलतांना आपण एक गोष्ट नेहमीं गृहीत धरतों: ती ही कीं, केलेलें कर्म करणाराचें स्वतःचें असतें, उलट शिकविणाराचें फळ दुसऱ्याच्या हातीं असतें, म्हणून तें परतंत्र. परंतु वरील प्रसंग हें गृहीतकृत्य डळमळीत करण्यास पुरेसा आहे. ज्या विजयामुळें वुडच्या कीर्तीवर कळस चढला, तो ज्या क्षणीं मिळाला त्या क्षणीं त्याच्या हातांत ना चेंडू होता ना दांडू. दुसऱ्याच्या बोटांतून एक झेल सुटला, एवढेंच. पराक्रम म्हणून आपण ज्याची पूजा करतों त्यांत पराक्रमी पुरुषाचा वांटा किती आणि परिस्थितीचा किती, याचा हिशेब कोणी मांडत नाहीं, कारण मांडला तर पूजा राहत नाहीं. करणारा स्वतंत्र आणि शिकविणारा परतंत्र, हा भेद खरा नव्हे. दोघेहि परतंत्रच, फक्त शिक्षकाचें पारतंत्र्य उघडें असतें आणि कर्त्याचें झांकलेलें.

पुढच्याच वर्षीं, १९१३ सालीं, ओल्या गवतावर चेंडू अडवितांना वुडचा पाय घसरला आणि फेंकण्याच्या हाताचा अंगठा मोडला. अंगठा जुळला, परंतु तेव्हांपासून खांदा दुखूं लागला. १९१५ सालीं त्यानें १५ सामने जिंकले आणि ५ गमावले. प्रत्येक नऊ डावांमागें प्रतिपक्षाला द्याव्या लागलेल्या धांवांची त्याची सरासरी १·४९, म्हणजे साऱ्या लीगमध्यें सर्वांत कमी होती. आंकडे वाचणाराला वाटावें कीं हा मनुष्य पुन्हां भरांत आला. वस्तुस्थिति अशी होती कीं, एकदां सामना खेळल्यावर पुढें कित्येक दिवस त्याला हात खांद्याइतका वर उचलतां येत नसे. त्या वर्षीं बॉस्टननें पुन्हां अजिंक्यपद मिळविलें, आणि त्या अंतिम झुंजींत वुडला एकहि चेंडू टाकतां आला नाहीं. १९१६ चा सबंध हंगाम तो घरीं राहिला. घराच्या माळ्यावर त्यानें एक झोपाळ्यासारखा दांडा टांगला होता आणि आंखडलेला खांदा मोकळा व्हावा म्हणून तो तासन्तास त्याला लोंबकळत राही. सारें जग ज्याच्या वेगाची वाखाणणी करी, तो सव्विसाव्या वर्षीं माळ्याच्या अंधारांत एकटाच लोंबकळत आहे, हें चित्र आमच्या मनांतून जात नाहीं. १९१७ सालीं बॉस्टननें त्याला १५,००० डॉलरांस क्लीव्हलंडच्या संघाला विकलें. तेथेंहि हात चालेना.

येथें एखाद्यानें धंदा सोडला असता तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. वुडनें निराळाच मार्ग धरला. पिचर म्हणून आपण संपलों हें त्यानें मान्य केलें आणि १९१८ पासून मैदानाच्या दूरच्या कडेला उभा राहणारा क्षेत्ररक्षक व फलंदाज म्हणून तो नव्यानें खेळूं लागला. १९२० सालीं अजिंक्यपद मिळविणाऱ्या क्लीव्हलंडच्या संघांत तो होता. १९२२ सालीं तो १४२ सामने खेळला आणि त्याच्या फटक्यांवर संघाला ९२ धांवा मिळाल्या. मग, अजून खेळण्याची ताकद अंगांत असतां, त्यानें तो धंदा सोडला आणि न्यू हेवन येथील येल विद्यापीठांत शिक्षक म्हणून गेला. १९२३ सालीं त्याच्याकडे पहिल्या वर्षाचीं मुलें होतीं; १९२४ पासून १९४२ पर्यंत विद्यापीठाचा मुख्य संघ त्याच्या हातीं होता. शिक्षक म्हणून त्याच्या खातीं २८३ विजय, २२८ पराजय आणि एक बरोबरी अशी नोंद आहे.

या दोन आंकड्यांची तुलना करून पाहावी. स्वतः करीत असतां ३४ विरुद्ध ५. शिकवीत असतां २८३ विरुद्ध २२८. शॉच्या टोमण्याला यापेक्षां चांगला पुरावा तो कोणता, असें कोणी म्हणेल. सिंह होता तो मेंढपाळ झाला, आणि मेंढपाळ म्हणूनहि बेताचाच ठरला! परंतु हा युक्तिवाद टिकणारा नाहीं. ३४ आणि ५ हे आंकडे एका अलौकिक हाताचे होते. २८३ आणि २२८ हे आंकडे दरसाल बदलणाऱ्या मुलांचे आहेत. तीं मुलें कांहीं खेळासाठीं जन्मलेलीं नव्हतीं. कोणी वकील व्हावयाचा होता, कोणी पेढी सांभाळावयाचा होता. त्यांच्या पराजयाला 'वुडचा पराजय' म्हणणें हा हिशेबाचा प्रमाद आहे. शिक्षकाच्या कामाचें माप शिष्य कोठें पोंचला यावरून काढतां येत नाहीं; तो कोठून निघाला होता हें आधीं पाहावें लागतें, आणि तें कोणत्याहि कोष्टकांत लिहिलेलें नसतें.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठपणाविषयीं तंटा लागतो आणि परिव्राजिकेला पंच नेमतात. ती जो निवाडा देते त्याचा आशय असा कीं, कोणाची कला स्वतःच्या ठायीं उत्तम दिसते, कोणाचें कौशल्य ती दुसऱ्यांत उतरविण्यांत असतें. ज्याच्याजवळ दोन्ही आहेत तो शिक्षकांत अग्रगण्य. हा निवाडा सुंदर आहे, परंतु त्यांत एक प्रश्न तसाच राहतो. हीं दोन सामर्थ्यें शेजारीं शेजारीं असतात, कीं एकांतून दुसरें जन्मतें? ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे कीं, शिकवितां येणें हीच खऱ्या ज्ञानाची खूण होय. केवळ अनुभवी मनुष्याला 'असें होतें' एवढेंच ठाऊक असतें, जाणत्याला 'कां होतें' तेंहि ठाऊक असतें. ॲरिस्टॉटलचें म्हणणें मान्य केलें तर आश्चर्याची गोष्ट अशी निघते कीं, १९१२ सालचा वुड खऱ्या अर्थानें आपली विद्या जाणत होता कीं नाहीं याचीच शंका यावी. ज्याचा हात आपोआप चालतो त्याला हाताकडे पाहण्याचें कारण पडत नाहीं. निरोगी मनुष्याला आपल्याला पोट आहे याची जाणीव नसते; तें दुखूं लागलें म्हणजे ती होते.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, शिक्षक वुडचा जन्म येलमध्यें झाला नाहीं. तो त्या माळ्यावरच्या अंधारांत झाला. खांदा कोठें अडतो, वजन कोणत्या पायावर येतें, वेगाची किंमत कोणता सांधा देतो, हें ज्याला दुखल्यामुळें कळलें, त्यालाच तें दुसऱ्याला वेळेवर सांगतां येतें. शिवाय अठ्ठाविसाव्या वर्षीं त्यानें त्याच खेळांतील दुसरी विद्या पहिल्या इयत्तेपासून शिकली. शिखरावरून उतरून पुन्हां पाटीपेन्सिल घेऊन बसण्याची लाज ज्यानें गिळली आहे, त्याला वर्गांतल्या मागच्या बाकावरील मुलाची लाज समजते. आपल्याकडील तालमींत वस्ताद म्हणून ज्यांचें नांव निघतें ते बहुधा अजिंक्य मल्ल नसतात. ज्यांनीं चांगल्या चार कुस्त्या हरल्या आणि कां हरल्या याचा विचार केला, ते असतात. शॉचा टोमणा निम्मा खरा आहे. शिक्षक पुष्कळदां हरलेला असतो. परंतु हरणें आणि न येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत.

मग शिष्याच्या ठिकाणीं उतरतें तें नेमकें काय? प्लेटोच्या 'मेनो' या संवादांत सॉक्रेटीस विचारतो कीं, थेमिस्टोक्लीसनें आपल्या मुलाला घोड्यावर उभें राहून भाला फेंकावयास शिकविलें, मग स्वतःचा मोठेपणा त्याला कां शिकविला नाहीं? वुडच्या बाबतींत हाच प्रश्न दुसऱ्या रूपानें येतो. त्याचा मुलगाहि पिचर झाला, येलकडून खेळला, आणि १९४४ सालीं बापाच्याच बॉस्टन संघांत गेला. तेथें तो अवघ्या तीन सामन्यांत चेंडू टाकूं शकला. रक्त तेंच, शिक्षण त्याच घरचें, मैदान तेंच. तरी धूर निघाला नाहीं. वेग देतां येत नाहीं. प्रतिभा देतां येत नाहीं. देतां येतें तें एवढेंच, कीं चांगलें कशाला म्हणावें याची पारख, आणि आपल्याजवळ जें थोडें आहे तें जपून व पुरतें वापरण्याची शिस्त. हें देणें लहान वाटतें. परंतु संस्कृति म्हणून ज्याला आपण म्हणतों ती बहुतेक सारी याच लहान देण्यावर उभी आहे. कारण प्रतिभावंत शतकांतून थोडे होतात आणि पारख मात्र रोज लागते.

आतां आम्हांला या चरित्रांतील अशा भागाकडे वळलें पाहिजे कीं, जो टाळला असता तर हा निबंध अधिक गोड झाला असता, पण प्रामाणिक झाला नसता. १९२६ च्या अखेरीस डच लेनर्ड या जुन्या पिचरनें असा आरोप केला कीं, २५ सप्टेंबर १९१९ रोजीं डेट्रॉइट आणि क्लीव्हलंड यांच्यामध्यें झालेल्या सामन्याचा निकाल आधींच ठरविलेला होता. पुराव्यादाखल त्यानें दोन पत्रें पुढें केलीं. एक टाय कॉबचें होतें, दुसरें वुडचें. वुडच्या पत्रांत त्या सामन्यावर लावलेल्या पैजेच्या पैशांचा हिशेब होता. लेनर्ड समोरासमोर साक्ष द्यावयास आला नाहीं. आणि १९२७ च्या जानेवारींत बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनीं कॉब आणि वुडचा मित्र ट्रिस स्पीकर या दोघांना निर्दोष ठरविलें. परंतु पत्र तर होतेंच. आणि ज्यानें तें लिहिलें तो या वेळीं दररोज संध्याकाळीं विद्यापीठाच्या मैदानावर तरुण मुलांना खेळ शिकवीत होता. येलनें त्याला काढून टाकलें नाहीं. पुढें पंधरा वर्षें तो तेथेंच राहिला.

येलनें योग्य केलें काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सोपें वाटत नाहीं. एका बाजूनें असें म्हणतां येईल कीं, शिक्षक हा केवळ हुन्नर शिकवीत नाहीं. तो नकळत स्वतःला शिकवितो. ज्या मनुष्यानें आपल्या खेळावर पैसे लावले, त्यानें 'खेळ खेळासाठीं खेळा' असें मुलांना सांगावें, हें ढोंग नव्हे काय? दुसऱ्या बाजूनें असें कीं, खेळाडूंनीं पैजा लावणें ही त्या काळीं उघड चालणारी गोष्ट होती आणि तिच्याविरुद्ध कडक नियम या प्रकरणानंतरच झाले. परंतु हा दुसरा युक्तिवाद आम्हांला पटत नाहीं. सर्वजण करीत होते म्हणून गोष्ट निर्दोष होत नाहीं. ती चूक होती. प्रश्न एवढाच, कीं चूक केलेल्या मनुष्याला शिकविण्याचा अधिकार राहतो कीं नाहीं.

तीस वर्षांच्या अनुभवावरून आम्हांस एवढें सांगतां येतें कीं, निष्कलंक शिक्षकच नेमावयाचे ठरविलें तर सर्व शाळा दुसऱ्या दिवशीं बंद कराव्या लागतील, आणि आमच्यापासूनच आरंभ करावा लागेल. परंतु यावरून कलंकाची फिकीर नको असें मात्र निघत नाहीं. आमच्या मतें भेद येथें आहे: जो शिक्षक आपली चूक विद्येचा भाग म्हणून मुलांच्या गळीं उतरवितो, हिशेबीपणालाच शहाणपण म्हणून खपवितो, त्याला एक दिवसहि वर्गांत राहूं देऊं नये. जो आपल्या चुकीच्या ज्ञानानें अधिक सावध झाला आहे, त्याला राहूं द्यावें. परंतु राहूं देणें म्हणजे दोषमुक्त करणें नव्हे. येलनें वुडला निर्दोष ठरविलें नाहीं. तो अधिकारच येलचा नव्हता. त्यानें फक्त त्याला काम करूं दिलें. क्षमेचें पुष्कळदां एवढेंच रूप शक्य असतें, आणि बहुतेक वेळां तें पुरतें.

याच संबंधांत पुढें घडलेला एक योगायोग विचार करण्यासारखा आहे. १९८५ च्या जानेवारींत येलचे अध्यक्ष बार्टलेट जियामात्ती हे पंचाण्णव वर्षांच्या वुडला सन्माननीय डॉक्टरेट देण्यास त्याच्या घरीं गेले. ज्यानें विद्यापीठांत कधीं विद्यार्थी म्हणून पाऊल टाकलें नाहीं त्याला विद्यापीठानें विद्वान् म्हटलें, तेव्हां त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांना पाणी आलें असें सांगतात. त्याच वर्षीं जुलैमध्यें तो वारला. हेच जियामात्ती पुढें बेसबॉलचे कमिशनर झाले, आणि ऑगस्ट १९८९ मध्यें पीट रोझ या महान् खेळाडूला सट्ट्याच्या प्रकरणावरून त्यांनींच खेळांतून बाहेर काढलें. त्यानंतर आठ दिवसांनींच त्यांचें निधन झालें. एकाच हातानें पैजेचा हिशेब लिहिणाराला पदवी द्यावी आणि पैज लावणाराला हांकलून द्यावें, यांत विरोध दिसतो. आम्हीं या विरोधावर पुष्कळ विचार केला. आमचें मत असें झालें कीं, दोन्ही कृत्यें आपापल्या ठिकाणीं योग्य होतीं. नियमाचा रक्षक कृत्याकडे पाहतो आणि त्यानें तसेंच पाहिलें पाहिजे. विद्यापीठ सबंध आयुष्याकडे पाहतें, आणि आयुष्य पाहावयाचें तर तें संपत येईपर्यंत थांबावें लागतें. तरीहि मनाला किंचित् टोंचणी राहते, ती आम्ही नाकारीत नाहीं. रोझला वीस वर्षें शिकवावयास मिळालीं असतीं तर?

आतां शेवटचा प्रसंग. २१ मे १९८१ रोजीं येलच्या मैदानावर येल आणि सेंट जॉन्स या विद्यापीठांचा सामना झाला. येलच्या रॉन डार्लिंग या तरुण पिचरनें अकरा डावांत प्रतिपक्षाला एकहि खरा फटका मारूं दिला नाहीं. समोरचा फ्रँक व्हायोला हाहि तसाच निघाला. येलला त्यानें एकहि धांव दिली नाहीं. बाराव्या डावांत डार्लिंगला पहिला फटका बसला, आणि येल १-० असा सामना हरलें. प्रेक्षकांत एक्याण्णव वर्षांचा वुड बसला होता. रॉजर ॲंजेल या लेखकानें त्याच्या शेजारीं बसून पाहिलेल्या या सामन्यावर लिहिलेला निबंध तिकडे प्रसिद्ध आहे. डार्लिंग हा वुडचा शिष्य नव्हे. वुडनें काम सोडलें तेव्हां तो जन्मलाहि नव्हता. म्हणजे वुडचा तेथें कसलाच लाभ नव्हता. श्रेयाचा वांटा नव्हता, पराजयाचें दुःख नव्हतें. एकोणसत्तर वर्षांपूर्वीं त्यानें स्वतः १-० असा सामना जिंकला होता. आज त्याच आंकड्यानें दुसऱ्या एकाचें अलौकिक कर्म हरतांना तो पाहत होता. जें आपल्या हातून कायमचें गेलें तें दुसऱ्याच्या हातांत पाहावयास तो त्या वयांत घरून निघून आला, एवढी एकच गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

कारण आमची खरी परीक्षा येथेंच झाली आणि तींत आम्ही उत्तम गुणांनीं उतरलों नाहीं. गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी स्वतः लिहिलेला ग्रंथ घेऊन घरीं आला. ग्रंथाचा विषय तोच, ज्याचीं टिपणें आमच्या कपाटांत पडलीं आहेत. वर्गांत कधीं तरी बोलतांना आम्हींच तो विषय त्याच्या मनांत टाकला असावा. त्यानें प्रस्तावनेंत तसें लिहिलें आहे. तो नमस्कार करून गेल्यावर आम्हीं ग्रंथ रात्रभर वाचला. एका ठिकाणीं, ज्या कोड्यापाशीं आम्ही वीस वर्षांपूर्वीं अडलों होतों, तें त्यानें अवघ्या दोन पानांत सोडविलें होतें. तीं दोन पानें वाचून आमच्या मनांत जी पहिली भावना आली ती आनंदाची नव्हती, हें येथें कबूल करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

वुडची आणि आमची बरोबरी नाहीं. त्यानें केलें होतें, मग गमावलें, मग शिकविलें. आम्हीं पहिली पायरी न चढतांच तिसरीवर येऊन बसलों. म्हणून 'शिकविणें हेंच खरें करणें' अशी स्वतःची समजूत घालून घेण्याचा हक्क आम्हांस नाहीं. न लिहिलेल्या ग्रंथाची भरपाई दुसऱ्यानें लिहिलेल्या ग्रंथानें होत नाहीं. तीं खातींच वेगळीं आहेत. परंतु हेंहि तितकेंच खरें कीं, तीं दोन पानें उत्तम आहेत हें त्या रात्रीं आम्हांला ताबडतोब कळलें, आणि तें कळण्यापुरती विद्या आमच्याजवळ अजून आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलें. पत्रांत त्या दोन पानांचा उल्लेख प्रथम केला, आणि आमचीं टिपणें त्याला हवीं असल्यास येऊन घेऊन जावींत असें शेवटीं लिहिलें. तो पुढच्या रविवारीं येणार आहे असें त्याचें उत्तर आलें. कपाटाची किल्ली शोधून काढली पाहिजे.